अरविंद आणि उतू गेलेलं दूध

अरविंदशी माझी ओळख झाली ती भांडणानेच. पार्ल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या ऑफिसच्या नाटकाचा प्रयोग होता. तिसऱ्या अंकात मला मेलेल्या बाळाचं झबलं हातात घेऊन रडायचं होतं, आणि त्या दिवशी मी अशी काही रडले की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. प्रयोग संपला. मी रंगपटात तोंडाला खोबरेल चोळत बसले होते. लोक येऊन "झकास गं सुलभा", "रडवलंस हं" असं म्हणून जात होते, आणि मी आपली वरवर "छे छे" म्हणत आतून फुगत होते. तेवढ्यात एक किडकिडीत, चुरगळलेल्या झब्ब्यातला माणूस आत आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "छान होतं. फक्त एक विचारू? तुम्ही रडला नसतात तर काय अडलं असतं?"

"नाटक अडलं असतं!" मी खेकसले.

"नाही," तो शांतपणे म्हणाला, "झबलं पुरेसं होतं. तुम्ही नुसत्या उभ्या राहिला असतात तरी चाललं असतं. खरं म्हणजे झबलंसुद्धा…"

"झबलंसुद्धा नको? मग मी काय करू, घरी बसू?"

यावर त्याने खरंच विचार केला हो! टोमणा मारला तरी त्याचं मनापासून उत्तर शोधायला लागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला हसूच फुटलं. नाव विचारलं तर म्हणाला, "अरविंद कोरगावकर. अंधेरीला साबणाच्या जाहिराती कापतो."

कापतो म्हणजे संकलन करायचा. तेव्हा टीव्ही नुकता घराघरांत शिरत होता आणि दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी फेसाने माखलेली बाई हसत होती. तो फेस, ती बाई, उड्या मारणारी पोरं, टॉवेल घेऊन आलेला नवरा, हे सगळं अर्ध्या मिनिटात कोंबायचं काम अरविंदचं. "दिवसभर ती पळापळ बघितली ना, की संध्याकाळी मला नुसतं भिंतीकडे बघत बसावंसं वाटतं," तो म्हणायचा. आणि बसायचाही. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तेव्हा तो भिंतीकडेच बघत बसला होता. भिंतीवर काही नव्हतं. कॅलेंडर होतं, ते त्याने आदल्या आठवड्यात काढलं होतं.

"हे नसलं तर काय अडतं?" हा त्याचा मंत्र. हा प्रश्न तो प्रत्येक वस्तूला विचारी आणि वस्तू बिचारी गप्प राही, म्हणून हरे. त्या दोन खोल्यांत खुर्ची एकच उरली होती. चहातली साखर गेली, मग दूध गेलं, आणि एकदा "नुसतं गरम पाणीही वाईट लागत नाही," असं तो म्हणाला तेव्हा त्याची बायको शैला उठून शेजारी चहा प्यायला गेली. शैला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. दिवसभर साठ पोरांचा कलकलाट ऐकून आल्यावर तिला घरात कुणी बोलत नाही याचं सुरुवातीला बरंच वाटे. एकदा मात्र ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "उद्या विचारशील, बायको नसली तर काय अडतं." अरविंद विचारात पडला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अडेल." शैला भडकली ती उत्तरावर नाही, त्याला लागलेल्या वेळावर.

इमारतीत सगळ्यांकडे फ्रीज आले तेव्हा शैलाने हप्त्याने घ्यायचं म्हटलं. अरविंदचा प्रश्न तयार होता. फ्रीज आला नाही. त्यामुळे सकाळी तापवलेलं दूध उन्हाळ्यात दुपारी पुन्हा तापवावं लागे, आणि ते काम माईंकडे असे.

माई म्हणजे अरविंदची आई. मालवणाकडची. नवरा परळला गिरणीत होता, तो गेल्यावर मुलाकडे पार्ल्याला आली. आता गंमत बघा, आयुष्यभर शांतता शोधणाऱ्या या माणसाची आई सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. कोळणीशी, कावळ्याशी, नळाशी, देवाशी, समोर जे असेल त्याच्याशी बोलणं चालू. एका खुर्चीवरून तर तिने रान उठवलं होतं. "रे मेल्या, माणसां इली तर बसतली खंय? तुझ्या डोक्यार?" अरविंद ऐकून घेई. माईंना आपला तो 'काय अडतं' विचारायची त्याची छाती नव्हती. एवढं एकच शहाणपण त्याच्याकडे होतं असं मी तेव्हा समजत होते.

तर अशा या अरविंदने सिनेमा काढायचं ठरवलं. सुरुवातीला गोष्ट चांगली भरगच्च होती. आखातात नोकरीला गेलेला नवरा, पार्ल्यात त्याची वाट बघणारी बायको, सासू, दीर, शेजारीण, अधूनमधून येणारी पत्रं. मला बायकोचं काम. मी लगेच हो म्हटलं. दर आठवड्याला मी त्याच्याकडे जायचे आणि दर आठवड्याला गोष्टीतलं एक माणूस गेलेलं असायचं. आधी दीर गेला, मग शेजारीण, मग सासू. पत्रं गेली. शेवटी नवरासुद्धा गेला. "अरे, मग ती वाट कुणाची बघते?" मी विचारलं. "ते कशाला सांगायला हवं?" अरविंद म्हणाला. सिनेमाचं नाव 'परदेशी गेलेल्याची वाट पाहताना' असं होतं, ते 'वाट पाहताना' झालं आणि मग नुसतं 'वाट'. आमचा कॅमेरामन पीटर म्हणाला, "बॉस, पुढे 'लागली' मी लिहू का?"

पीटर अंधेरीच्या गावठाणातला. आईबाप भाजीच्या मळ्यात राबलेले, आणि हा लग्नाचे फोटो काढता काढता जाहिरातींच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचलेला. बोलायला तिखट पण कामाला सोन्यासारखा. या सिनेमासाठी त्याने फिल्म कुठून आणावी? जाहिरातींच्या शूटिंगमध्ये रिळांचे शेवटचे तुकडे उरतात, ते. साबणवाले ते टाकूनच देत. त्यामुळे मोठी पंचाईत अशी झाली की अरविंदला हवे होते लांबलचक संथ शॉट आणि हातात होते चिमूटभर तुकडे. मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे, अरविंद म्हणायचा "आता वेळ जाऊ दे", आणि वेळ जायच्या आत फिल्म जायची.

माईंना सिनेमाचं कळलं तेव्हा त्या सरळ अरविंदसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माका काय काम दितंस?"

"माई, यात काम असं काही नाहीच."

"मगे ही सुलभा काय करतली?"

"तीही काही करणार नाहीये."

"काय नाय करूचा आसा, तर ता मी हिच्यापेक्षा बरा करीन!"

आम्ही सगळे हसलो, पण माई हसल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या की लहानपणी गावच्या देवळात दशावतार बघताना त्यांना रोज वाटे, आपणही त्या उजेडात एकदा उभं राहावं. पण बायकांची कामंसुद्धा पुरुषच करायचे. "आता झिलाचोच सिनेमा आसा, तर मरायच्या आधी एकदा येवंदे माका," त्या म्हणाल्या. मी अरविंदला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आणि अरविंदच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे मला ठाऊक होतं.

काही न करणं किती कठीण असतं हे मला त्या सिनेमाने शिकवलं. मी नाटकातली बाई. मला हात हलवायची, मान वळवायची, निदान एक उसासा सोडायची सवय. "काही करू नकोस," अरविंद सांगायचा. मी काही करायचे नाही. "आता तू काही न करण्याचा अभिनय करते आहेस. तोही नको." अरे, मग मला कशाला घेतलंस? एखादी बरणी ठेव की! पीटर कॅमेऱ्यामागून म्हणायचा, "सुलभा, तू जास्त बोलू नको, तो बरणी ठेवेल खरंच."

आवाजाची तऱ्हा वेगळीच. कॅमेरा मुका होता, आवाज नंतर घालायचा होता, आणि अरविंदला त्यात घालायची होती फक्त दुपारची शांतता. ती ध्वनिमुद्रित करायला टेपरेकॉर्डर घेऊन तो सगळं पार्लं फिरला. डोक्यावरून विमान गेलं नाही तर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, ती संपली तर भंगारवाला. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने ट्रॉम्बेला, शास्त्रज्ञांच्या वसाहतीत एका रविवारी दुपारी त्याला हवी तशी शांतता मिळाली. टेप घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद की शैलाने विचारलं, "बढती मिळाली?"

आता तो दिवस. पीटरने कुठून तरी एक अख्खं, न कापलेलं रीळ मिळवलं होतं. एकच. दुसरं मिळायची आशा नव्हती. त्या रिळावर अरविंदच्या स्वप्नातला शॉट घ्यायचा होता. स्वयंपाकघर, खिडकी, खिडकीशी मी. रीळ संपेपर्यंत. "मी कट म्हणेपर्यंत श्वासाशिवाय काही नको," त्याने मला बजावलं. "घरावर विमान पडलं तरी हलायचं नाही." मग त्याने डोळे मिटून घेतले. महत्त्वाचे शॉट तो बघत नसे. म्हणे, शॉट डोळ्यांनी बघितला की त्यातल्या वस्तूच दिसतात.

वस्तू दिसल्या असत्या तर बरं झालं असतं! कारण एप्रिलचं ऊन होतं, घरात फ्रीज नव्हता, आणि पीटर दिवे लावत असताना माई नेहमीप्रमाणे येऊन दुधाचं पातेलं बारीक गॅसवर ठेवून गेल्या होत्या. तांदूळ निवडायला बाहेर गॅलरीत बसल्या होत्या. शेगडी माझ्या उजव्या हाताला, अगदी फ्रेममध्ये.

मी कॅमेऱ्याला अर्धा चेहरा दिसेल अशी खिडकीबाहेर बघत उभी. थोड्या वेळाने कानाला ते बारीक चुरचुरणं जाणवलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते तर दूध चढतंय! आता मी सांगते, नटी असो की नसो, पार्ल्यातल्या बाईसमोर दूध वर येतंय आणि तिने हात लांब करायचा नाही, याच्याइतका छळ दुसरा नाही. हात आपोआप निघाला होता, तो मी मनाने धरून ठेवला. एकच रीळ. घरावर विमान पडलं तरी हलायचं नाही. साय फुगली, काठाशी आली. घशाशी आलेलं "अरे दूध!" मी गिळलं. पीटर का बोलला नाही म्हणाल, तर त्याला वाटलं अरविंदने मुद्दाम ठेवलंय. "मी म्हटलं, चला, शेवटी काहीतरी होतंय यार!" असं त्याने नंतर सांगितलं.

आणि दूध गेलं. फस्सकन् शेगडीवर, ओट्यावर, खाली. वासाबरोबर माई सुपासकट धावत आत आल्या, थेट कॅमेऱ्यासमोर, गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळून कडाडल्या. "गो चेडवा! दूध उतू गेला, डोळे खंय ठेवलंस? हात झडले काय तुझे? खांबासारी उभी रवलंस ती!" अरविंदने डोळे उघडले तेव्हा माई फ्रेमच्या मधोमध होत्या, सुपातले तांदूळ जमिनीवर होते आणि रीळ संपलं होतं.

तो तीन दिवस कुणाशी बोलला नाही. नेहमीही बोलत नसे, म्हणून ते आम्हाला जरा उशिरा कळलं.

पण रीळ धुऊन आलं आणि त्याने ते अंधेरीला मशीनवर लावून बघितलं तेव्हा तो मला ऑफिसात फोन करून म्हणाला, "सुलभा, तुझा चेहरा! अगं, जन्मभराची वाट आहे त्यात!" जन्मभराची वाट कसली, अर्धा लिटर दुधाची होती. पण कौतुक कुणाला नको असतं? चेहरा सगळ्यात उत्तम होता तो दूध काठाला आल्याच्या क्षणी, त्यामुळे तिथपर्यंतचा शॉट ठेवणं भाग होतं. त्याच्यापुढचं, म्हणजे उतू जाणं आणि माई, त्याने कापलं.

इकडे पीटरने माईंना सांगून टाकलं होतं, "माई, तुम्ही आलात हां सिनेमात. एकदम मधोमध." मग काय! भजनी मंडळ, खालचा वाणी, कोळीण, सगळ्यांना बातमी गेली. गावी जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप गेला. शैला आणि मी अरविंदच्या मागे लागलो, ठेव रे तेवढा तुकडा, चार-दोन क्षणांचा तर आहे.

"माई नसली तर काय अडतं?" तो म्हणाला.

शैलाने त्याच्याकडे असं बघितलं की तो घाईने म्हणाला, "शॉटमध्ये! शॉटमध्ये म्हणतोय मी." मग माईंना हे सांगायचं कुणी? "मी सांगतो," म्हणाला. सांगितलं नाही.

पहिला खेळ आमचं नाटक झालं होतं त्याच शाळेच्या सभागृहात झाला. माई कडक इस्त्रीची जरीकाठी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून, अख्खं भजनी मंडळ घेऊन पहिल्या रांगेत. सिनेमा सुरू झाला. दाराचा शॉट. मग दुसऱ्या दाराचा शॉट. ट्रॉम्बेची शांतता सभागृहात पसरली आणि तिच्यात लोकांच्या जांभया ऐकू यायला लागल्या. "मशीन अडकलं का हो?" मागून कुणीतरी विचारलं. एक गृहस्थ "पंखा तरी मोठा करा" म्हणाले. मी पडद्यावर होते, पण पाठमोरी. माझी आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "ब्लाउज मागून छान बसलाय गं."

आणि मग तो शॉट आला. पातेलं दिसल्याबरोबर बायका सावरून बसल्या. दूध हललं तशी कुजबुज सुरू झाली. मग जांभया देणारे पुरुषही पुढे झुकले. साय चढायला लागली आणि अख्खं सभागृह ओरडायला लागलं. "अगं बाई, दूध!" "गॅस बंद कर गं!" "समोर तर आहे, हात लांब कर!" "बहिरी आहे का ही?" आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्या नावाने बोटं मोडली नव्हती. माई शेजारणीला कोपराने ढोसत होत्या, "आता मी येतंय, आता बघ." साय काठाला आली. आणि पडद्यावर रिकामी भिंत.

"अहो, दुधाचं काय झालं?" एकदम गलका. मागे मशीनपाशी अरविंद उभा होता, गोंधळून गेलेला. कोरी भिंत त्याच्या मते सिनेमाचा कळस होती, आणि लोक दूध मागत होते! त्याने सगळं काढलं होतं, नवरा काढला, पत्रं काढली, आवाज काढला. पण चुलीवरचं दूध दाखवून लोकांना त्याचा शेवट न सांगणं, हे कुणाला मानवणार होतं?

माई उठल्या आणि लोकांकडे वळल्या. त्यांची सावली त्या भिंतीवर पडली. "दूध गेला!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "सगळा उतू गेला! आणि गॅस मी बंद केलंय. मी! ह्या माझ्या झिलान माका कापून टाकल्यान!" सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. माईंनी मग सगळी हकिगत हातवारे करून सांगितली, मला घातलेल्या शिव्यांसकट. लोक पोट धरून हसले. आणि हसू ओसरलं तेव्हा माई खाली बसल्या आणि त्यांनी पदरात तोंड लपवलं. भजनी मंडळातल्या बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला अरविंदचा असा राग आला की तिथेच जाऊन दोन ठेवून द्याव्यात.

शहरातले एक मोठे समीक्षक आले होते. ते अरविंदचा हात हातात घेऊन म्हणाले, "नायिकेचा संयत अभिनय अप्रतिम. आणि त्या आजींना प्रेक्षकांतून उठवून बोलायला लावण्याचा प्रयोग, वा! फार धाडसी." अरविंद म्हणाला, "तो प्रयोग नव्हता. ती माझी आई होती."

त्या दिवसापासून माई त्याच्याशी बोलेनात. कोळणीशी बोलत, कावळ्याशी बोलत, तो घरात आला की गप्प. जी शांतता शोधायला हा माणूस ट्रॉम्बेपर्यंत गेला होता, ती आता त्याच्या घरात येऊन बसली, आणि त्याला घास गिळवेना. शैला सांगायची, ताटावर बसून नुसता माईंच्या तोंडाकडे बघत राहतो. आठवडा असा गेला. मग एक दिवस तो अंधेरीला गेला, केराच्या पिंपात हात घालून कापलेले तुकडे उपसत बसला, आणि माईंचा तुकडा शोधून प्रिंटमध्ये जोडला. पीटर तिथेच होता. तो म्हणतो, जन्मात पहिल्यांदा त्याने बॉसला काहीतरी जोडताना बघितलं. मला मात्र अरविंद म्हणाला, "दुधासाठी जोडला. लोकांना अर्धवट वाटतं."

त्या तुकड्याला आवाज नव्हता. ट्रॉम्बेची शांतताही नव्हती. माई धावत येत, तोंड हलवत, आणि ऐकू काहीच येत नसे. मुलुंडला खेळ झाला तेव्हा माईंनी यावर स्वतःच तोडगा काढला. पहिल्या रांगेत बसून, पडद्यावर तोंड हलायला लागल्याबरोबर त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "गो चेडवा! दूध उतू गेला!" लोकांनी हसून सभागृह डोक्यावर घेतलं. मग ते नेमच झालं. घाटकोपरला बोलावणं आलं, तिथे माई. एका कॉलेजात, तिथेही माई. आणि दर खेळाला बोलणं वाढतच जाई. दुधाचा भाव आला, सुनेची शाळा आली, स्वतःचे गुडघे आले. तुकडा संपून पडद्यावर भिंत आली तरी माई चालूच.

"माई, तू तेव्हा एवढंच बोलली होतीस," अरविंद काकुळतीने म्हणे.

"तेव्हा मी घाईत होतंय. आता सुचला माका."

सुरुवातीला तो तेवढ्या वेळात दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. नंतर दारात थांबायला लागला. कॉलेजातल्या खेळाला मी मागे वळून बघितलं तेव्हा तो दाराला टेकून ऐकत होता आणि हसत होता.

माई गेल्या त्या फार आजारी न पडता. ताप आला, दोन दिवस बडबडल्या, तिसऱ्या दिवशी गप्प झाल्या. पुढे काही महिन्यांनी बोरिवलीच्या एका मंडळाने सिनेमा मागितला. शैला म्हणाली, नको आत्ता. अरविंद म्हणाला, "आहे तसा दाखवू." आम्ही सगळे गेलो. तिथले लोक नवे होते, त्यांना आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. दूध चढलं, बायका नेहमीसारख्या मला ओरडल्या, दूध गेलं, आणि माई सुपासकट धावत आल्या. तोंड हलायला लागलं. सभागृहात मशीनच्या घरघरीशिवाय आवाज नाही. मी शैलाचा हात घट्ट धरला. मला वाटलं, आपणच ओरडावं ते वाक्य, नटी आहोत आपण.

तेवढ्यात मागून आवाज आला. "गो चेडवा! दूध उतू गेला, डोळे खंय ठेवलंस?" अरविंद! घराबाहेर कधी मालवणीचा शब्द न काढणारा अरविंद. त्याने सगळं म्हटलं. दुधाचा भाव, सुनेची शाळा, गुडघे, मुलुंडचं, घाटकोपरचं, एकही शब्द न गाळता. पडद्यावर भिंत आली तरी तो थांबला नाही. लोक हसून हसून लोळत होते आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

खेळ संपल्यावर एका बाईंनी त्याला पायऱ्यांवर गाठलं. "त्या सुपवाल्या आजी कोण हो? काय झकास काम केलंय!"

"माझी आई," अरविंद म्हणाला, आणि सांगायला लागला. गिरणीचे दिवस, दशावतार, एका खुर्चीवरून झालेलं भांडण, तापातली बडबड. बाईंभोवती आणखी माणसं जमली. पीटर रिळांचे डबे खांद्यावर घेऊन ताटकळत उभा. वॉचमनने फाटक अर्धं ओढून घेतलं, खाकरून दाखवलं. शैलाने त्याची बाही ओढली, "अरे चल, लोकांना घरी जायचंय." तो दोन पायऱ्या उतरला, आणि पुन्हा वळून वर गेला.

"थांबा हं," तो त्या बाईंना म्हणाला, "एक सांगायचं राहिलं."